बार्बाडोस: किनारे, भूगोल आणि ३३९ वर्षांचा इंग्रजी अंमल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

२९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून बार्बाडोसबद्दलच्या प्रश्नांचा ओघ सुरू आहे. काहींना सुट्टीला जायचे असते, काहींना इतिहास हवा असतो. मी दोन्ही प्रकारचे प्रश्न मुद्दाम एकाच पानावर ठेवले आहेत. या बेटावर वर्षभर पूर्वेकडून वारा वाहतो. पोहायला कुठे उतरावे, हे त्या वाऱ्यावर ठरते. फ्रेंच आणि डच आरमारांना हे बेट का घेता आले नाही, याचे उत्तरही बऱ्याच अंशी त्याच वाऱ्यात आहे. जिथे उत्तरे एकमेकांत गुंतली आहेत, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बार्बाडोस नक्की कुठे आहे? कॅरिबियन समुद्रातच ना?

जवळजवळ. नकाशात मार्टिनीक, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा ही बेटे उत्तर-दक्षिण कमानीत ओळीने दिसतात. ही कमान म्हणजे कॅरिबियन समुद्राची पूर्वेकडची कड. बार्बाडोस या ओळीत बसत नाही. ते तिच्यापासून सुमारे १६० किलोमीटर पूर्वेला, एकटेच अटलांटिक महासागरात आहे. तिथून सरळ पूर्वेला निघालात तर थेट आफ्रिकेचा किनारा लागतो. काटेकोर भूगोलाने पाहिले तर हे बेट कॅरिबियन समुद्राबाहेरचे. पण इतिहास, राजकारण, संगीत, क्रिकेट सगळे कॅरिबियन. तिथले लोकही पश्चिम किनाऱ्याला ‘कॅरिबियन बाजू’ आणि पूर्व किनाऱ्याला ‘अटलांटिक बाजू’ म्हणतात, आणि ते सोयीचे आहे.

अक्षांश साधारण १३ अंश उत्तर, म्हणजे चेन्नईच्या आसपासचा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात ते बदलत नाही.

२. बार्बाडोस आणि बार्बुडा एकच का?

नाही. बार्बुडा हे अँटिग्वा आणि बार्बुडा या वेगळ्या देशातले बेट, बरेच उत्तरेला. तिकीट काढताना नाव नीट वाचा.

३. बेट केवढे आहे? एका दिवसात फिरून होते का?

सुमारे ३४ किलोमीटर लांब, जास्तीत जास्त २३ किलोमीटर रुंद, क्षेत्रफळ ४३१ चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईपेक्षाही लहान. लोकसंख्या पावणेतीन-तीन लाखांच्या घरात, त्यामुळे आकाराच्या मानाने दाटी बरीच आहे. कारभारासाठी बेटाचे अकरा ‘पॅरिश’ केले आहेत. त्यांतल्या दहांना संतांची नावे आहेत, अकरावा क्राइस्ट चर्च. राजधानी ब्रिजटाउन सेंट मायकलमध्ये येते. सर्वांत उंच जागा माउंट हिलबी, उंची जेमतेम ३४० मीटर.

गाडीने एका दिवसात फेरी मारता येते, पण मी ती सुचवणार नाही. रस्ते अरुंद आहेत, उसाच्या शेतांतून वळणे घेत जातात आणि पाट्या दिशाभूल करण्यात पटाईत आहेत. पूर्व किनाऱ्याला एक अख्खा दिवस द्या.

४. हे ज्वालामुखीचे बेट आहे का? वाळू पांढरी कशी?

शेजारची बेटे ज्वालामुखीची आहेत, हे नाही. अटलांटिकचा भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो तेव्हा समुद्रतळावरचा गाळ खरवडला जाऊन कडेला साठत जातो. असा साठलेला गाळ वर उचलला गेला, उथळ पाण्यात त्यावर प्रवाळ वाढले, आणि तेही हळूहळू पाण्याबाहेर आले. आज बेटाच्या सुमारे ८५ टक्के भागावर प्रवाळी चुनखडीचे आवरण आहे. पश्चिमेकडून आत जाताना जमीन पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते. यातली प्रत्येक पायरी एकेकाळची प्रवाळभिंत आहे. फक्त ईशान्येकडच्या ‘स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट’मध्ये हे आवरण झिजून गेले आहे आणि खालची माती, वाळूखडक उघडे पडले आहेत. तो भाग डोंगराळ, घसरणीचा आणि बाकी बेटापेक्षा अगदी वेगळा दिसतो.

वाळू पांढरी असण्याचे कारणही हेच. ती प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे. काही किनाऱ्यांवर तिला गुलाबी झाक असते. सेंट व्हिन्सेंटसारख्या ज्वालामुखी बेटांवर काळी वाळू सापडते.

चुनखडीचा आणखी एक परिणाम म्हणजे नद्या जवळपास नाहीतच. पाऊस दगडातून झिरपतो आणि खाली साठतो, बेटाची तहान मुख्यतः या भूजलावर भागते. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटल्या विकत घेत बसू नका. हे झिरपते पाणी काय काय कोरून ठेवते ते पाहायचे असेल तर सेंट थॉमसमधली हॅरिसन्स केव्ह पाहा. गुहेत ट्रॅमने नेतात.

५. किनारे इतके आहेत, मग आम्ही नेमके कुठे जायचे?

तुम्हाला पाण्यात काय करायचे आहे, त्यावर ठरवा.

लहान मुले, वयस्कर मंडळी किंवा बेताचे पोहणारे सोबत असतील तर पश्चिम किनारा. वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, त्यामुळे पाणी सहसा तळ्यासारखे शांत असते. पेन्स बे, होलटाउन, मलिन्स हे तिथले ओळखीचे किनारे. बेटावरची सर्वांत महागडी हॉटेले आणि बंगले याच पट्ट्यात आहेत, म्हणून त्याला ‘प्लॅटिनम कोस्ट’ म्हणतात. वाळूची पट्टी मात्र बऱ्याच ठिकाणी अरुंद आहे, आणि ज्यांना लांबवर चालायला आवडते त्यांची निराशा होते.

दक्षिण किनारा मधला. अक्रा (याचेच दुसरे नाव रॉकली), वर्दिंग, डोव्हर या किनाऱ्यांवर लाटा असतात, पण खेळण्याजोग्या. खाणेपिणे, बस, स्वस्त मुक्काम सगळे हाताशी. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथेच उतरावे, असे माझे मत. दक्षिण टोकाला सिल्व्हर सँड्सकडे वारा जोरदार असतो. तिथे पतंग बांधून पाण्यावर धावणाऱ्यांची गर्दी दिसते.

आग्नेयेला क्रेन आणि बॉटम बे. कड्याखाली पसरलेली वाळू, माड, निळे पाणी. पोस्टकार्डावर छापतात ते हेच किनारे. क्रेनच्या लाटा बघायला मोहक आणि उतरल्यावर जोरकस. कंबरभर पाण्यातही त्या माणसाला आडवे करतात.

पूर्व किनाऱ्यासाठी पुढचा प्रश्न.

६. बाथशेबाचे फोटो फार सुंदर दिसतात. तिथे पोहता येते का?

नाही, आणि हे उत्तर ‘बहुधा नाही’ असे वाचू नका. आफ्रिकेपासून मोकळ्या समुद्रावरून आलेल्या लाटा इथे फुटतात, पाण्याखाली खडक आहेत आणि ओढही जबरदस्त आहे. ‘सूप बोल’ या नावाने ओळखली जाणारी इथली लाट जगभरच्या कसलेल्या सर्फरांना खेचून आणते, यावरून काय ते समजावे. ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत बसता येते, स्थानिक लोकही तेच करतात.

फोटोतले अळंबीसारखे खडक म्हणजे जुन्या प्रवाळाचे धोंडे. लाटांनी त्यांचे पाय झिजवून बारीक केले आहेत.

७. मोठ्या हॉटेलांचे किनारे खासगी असतात का? आम्हाला हाकलतील का?

बार्बाडोसमध्ये खासगी किनारा हा प्रकारच नाही. वाळू सगळ्यांची आहे, हॉटेल कितीही महाग असो. खुर्च्या, छत्र्या आणि नळ मात्र हॉटेलचे, त्यांचे पैसे पडतात. खरी अडचण वाटेची आहे. पश्चिम किनाऱ्यावर बंगल्यांची आणि हॉटेलांची रांग इतकी सलग झाली आहे की रस्त्यावरून समुद्र दिसतच नाही, आणि मधल्या सार्वजनिक पायवाटा शोधाव्या लागतात. यावरून तिथे वर्षानुवर्षे वाद चालू आहेत, आणि स्थानिक लोकांचा राग मला पूर्ण रास्त वाटतो. किनारा तुमचा, पण तिथवर जायची वाट दुसऱ्याच्या कुंपणातून, अशी ती तऱ्हा.

८. किनाऱ्यावर तपकिरी गवताचे ढीग का साठतात?

ते सारगॅसम नावाचे तरंगते समुद्रशैवाल. २०११ पासून उष्ण कटिबंधीय अटलांटिकमध्ये त्याचा प्रचंड पट्टा तयार होऊ लागला, आणि वारा-प्रवाहांबरोबर ते या बेटांवर येऊन थडकते. जोर साधारणपणे मार्च ते ऑगस्ट, पण दरवर्षी सारखा नसतो. पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यांना सर्वाधिक त्रास, पश्चिमेला बराच कमी. कुजू लागले की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. त्या महिन्यांत जाणार असाल तर मुक्काम पश्चिमेला ठेवा.

९. काही झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा असतो, तो कशासाठी?

त्या झाडापासून लांब राहण्यासाठी. त्याला मँचिनील म्हणतात. फळ हिरव्या सफरचंदासारखे दिसते आणि ते विषारी आहे. चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि पावसात त्याच्याखाली उभे राहिले तर पानांवरून ओघळणारे पाणीही भाजते. प्रत्येक झाडाला पट्टा असेलच असे नाही. मुलांना एकच नियम सांगा: किनाऱ्यावर पडलेले फळ उचलायचे नाही.

१०. कासवे कुठे दिसतात?

पश्चिम किनाऱ्यावर आणि ब्रिजटाउनच्या कार्लाइल बेमध्ये. कार्लाइल बेमध्ये बुडालेली जहाजेही आहेत, काही इतक्या उथळ पाण्यात की साध्या मुखवट्याने पोहत वरून दिसतात. हॉक्सबिल जातीच्या माद्या वाळूत अंडी घालायला येतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात, त्यामुळे हॉटेलांच्या दिव्यांनी ती समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. रात्री किनाऱ्यावर बॅटरी मारू नका. कासवांना खायला घालणाऱ्या सहली विकल्या जातात, त्या टाळाव्यात.

११. कधी जावे? चक्रीवादळाची भीती किती?

डिसेंबर ते मे कोरडा काळ, जून ते नोव्हेंबर पावसाळा आणि वादळांचा हंगाम. हॉटेलांचे दर कोरड्या काळात चढतात. तापमान बारा महिने जवळपास सारखेच असते.

बेट कमानीच्या पूर्वेला असल्याने बहुतेक वादळे उत्तरेकडून निसटतात किंवा इथून पुढे गेल्यावर बळ धरतात. पण ‘बार्बाडोसला वादळ येत नाही’ ही समजूत धोकादायक आहे. ऑक्टोबर १७८० च्या महावादळाने बार्बाडोससह पूर्व कॅरिबियनमध्ये सुमारे २०,००० माणसे मारली. १८३१ मध्ये पुन्हा विध्वंस झाला, १९५५ मध्ये जॅनेट आले. मग साठहून अधिक वर्षे शांततेची गेली आणि २०२१ च्या जुलैत एल्साने छपरे उडवली. १ जुलै २०२४ रोजी बेरिल दक्षिणेकडून गेले. बेटावर थेट न येताही त्याने मच्छीमारांच्या अनेक नावा फोडल्या. विश्वचषक जिंकलेला आपला संघ काही दिवस तिथे अडकला होता, तो याच वादळामुळे.

१२. इंग्रज येण्याआधी तिथे कोण राहत होते?

दक्षिण अमेरिकेतून होड्यांनी आलेले लोक तिथे अनेक शतके राहत होते. सर्वसाधारण इतिहासात त्यांना अरावाक आणि कलिनागो म्हटले जाते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आजूबाजूच्या बेटांवरून माणसे गुलाम म्हणून पळवून नेली, आणि राहिलेल्यांनी बहुधा डोंगराळ, लपता येईल अशी बेटे गाठली. पोर्तुगीज ये-जा करत, १५३६ मध्ये पेद्रो आ काम्पोस येऊन गेला. पोर्तुगीजांनी डुकरे सोडली, वस्ती केली नाही. १६२५ मध्ये इंग्रज उतरले तेव्हा बेट ओस होते आणि दाट जंगलाने भरलेले होते.

१३. आजूबाजूची बेटे इंग्रज आणि फ्रेंचांत चेंडूसारखी फिरली. बार्बाडोस कायम इंग्रजांकडेच कसे राहिले?

सेंट लुशियाने इंग्रज-फ्रेंचांमध्ये चौदा वेळा मालक बदलला असे सांगतात. बार्बाडोसने एकदाही नाही. १४ मे १६२५ रोजी कॅप्टन जॉन पॉवेलने इंग्लंडच्या राजाच्या नावे बेटावर हक्क सांगितला, आणि १७ फेब्रुवारी १६२७ रोजी त्याचा भाऊ हेन्री ८० वसाहतकरी आणि वाटेत एका जहाजावरून पकडलेले १० आफ्रिकी लोक घेऊन आजच्या होलटाउनला उतरला. तेव्हापासून ३० नोव्हेंबर १९६६ पर्यंत सत्ता इंग्रजांचीच होती. (होलटाउनच्या स्मारकावर १६०५ हे साल कोरलेले आहे, ते चुकीचे आहे. लोक फोटो काढतात आणि मग मला विचारतात.)

कारण शिडांच्या जहाजांत आहे. पूर्वेकडच्या वाऱ्यामुळे युरोपहून येणारे जहाज आधी बार्बाडोसला पोचते आणि मग वाऱ्याबरोबर इतर बेटांकडे सहज उतरते. उलट दिशेने, म्हणजे मार्टिनीकहून बार्बाडोसवर चालून यायचे तर वाऱ्याच्या तोंडावर तिरके-तिरके जहाज हाकत, दिवस घालवत यावे लागे. तोवर बातमी आलेली असे. पूर्व किनाऱ्यावर लाटा आणि खडक यांमुळे फौज उतरवता येत नसे, आणि पश्चिमेला तोफा मांडलेल्या. एप्रिल १६६५ मध्ये डच नौसेनापती डी रॉयटर कार्लाइल बेवर चालून आला, त्याला मार खाऊन परतावे लागले.

एक अपवाद सांगायला हवा. बेटाला शरण आणणारे एक आरमार होते, तेही इंग्रजच. इंग्लंडमधल्या राजा विरुद्ध संसद या यादवी युद्धानंतर बार्बाडोसच्या मळेवाल्यांनी राजाची बाजू धरली म्हणून संसदेने नौसेनापती जॉर्ज ऐस्क्यूला पाठवले. जानेवारी १६५२ मध्ये दक्षिण किनाऱ्यावरच्या ऑइस्टिन्सला तह झाला. त्यात मळेवाल्यांनी आपल्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय कर नको, हे कलम घालून घेतले. बेटाची प्रतिनिधीसभा १६३९ पासूनची. हे स्वातंत्र्यप्रेम फक्त गोऱ्या मालकांपुरते होते, हे पुढच्या उत्तरातून दिसेल.

१४. ऊस तिथे कसा पोचला आणि एवढे काय घडले त्याने?

सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांनी तंबाखू आणि कापूस लावून पाहिला. बार्बाडोसची तंबाखू व्हर्जिनियाच्या तंबाखूपुढे टिकेना. १६४० च्या दशकात जेम्स ड्रॅक्ससारख्या मळेवाल्यांनी तेव्हा डचांच्या ताब्यात असलेल्या ब्राझीलमधल्या भागातून ऊस आणि साखर करण्याची विद्या आणली. त्यानंतर दोन-तीन दशकांत जंगल संपले, लहान शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या मळ्यांत गेल्या आणि बेट इंग्लंडच्या सर्वांत श्रीमंत वसाहतींपैकी एक झाले.

ऊस तोडल्यावर लगेच गाळला नाही तर रस आंबतो, हे गुऱ्हाळ पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून प्रत्येक मळ्यावर आपला चरक आणि आपल्या कढया. चरक फिरवायला वारा होताच. भरभराटीच्या काळात या चिमुकल्या बेटावर पाचशेहून अधिक पवनचक्क्या होत्या. सेंट अँड्र्यूमधली मॉर्गन लुइस ही त्यांतली उरलेली, पाहण्याजोगी. मळीपासून रम निघू लागली. माउंट गेच्या रमभट्टीचा कागदोपत्री पुरावा १७०३ चा आहे.

आणि माणसे आली आफ्रिकेतून, साखळदंडांत. हंगामात चरक रात्रंदिवस चाले, झोपेने पेंगलेल्या माणसाचा हात चरकाच्या रुळांमध्ये सापडला तर तोडून टाकायला कोयता बाजूला ठेवलेला असे. माणसे इतक्या वेगाने मरत की मळेवाले जन्माची वाट न पाहता नवी विकत घेत. १६६१ च्या गुलामकायद्याने मालकाला जवळपास सर्व अधिकार दिले, आणि हाच कायदा पुढे जमैका आणि दक्षिण कॅरोलिनासाठी नमुना ठरला. कॅरोलिनाच्या वसाहतीत बार्बाडोसचे मळेवाले आघाडीवर होते. म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामगिरीची तालीम या बेटावर झाली.

चर्चही यात होते. कॉड्रिंग्टन मळे मृत्युपत्राने इंग्लंडच्या एका धर्मप्रसारक संस्थेकडे आले. तिथल्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द तापल्या लोखंडाने डागला जाई. चर्च ऑफ इंग्लंडने २००६ मध्ये याबद्दल माफी मागितली.

१५. आयरिश लोकही तिथे गुलाम होते ना?

हा दावा समाजमाध्यमांवर फार फिरतो, म्हणून नीट सांगतो. सुरुवातीची मजुरी मोठ्या प्रमाणात गोऱ्या करारबद्ध नोकरांनी केली. काही गरिबीमुळे आले. काही संसदेचा सेनापती क्रॉमवेल याच्या लढायांतले आयरिश आणि स्कॉटिश कैदी होते, त्यांना जबरदस्तीने पाठवले होते. त्यांचे हाल भयंकर झाले, हे खरेच. पण त्यांच्या कराराला मुदत होती आणि त्यांची मुले जन्मतः स्वतंत्र होती. आफ्रिकी माणसाची गुलामी आयुष्यभराची, आईकडून मुलाकडे जाणारी, आणि कायद्याने तो मालमत्ता. दोन्हींना एकच शब्द लावला की दुसरीचे गांभीर्य पुसले जाते. त्या गरीब गोऱ्यांच्या वंशजांना ‘रेडलेग्ज’ म्हणतात. पूर्वेच्या सेंट जॉन भागात त्यांची थोडी घराणी अजून आहेत.

१६. गुलामांनी बंड केले नाही का?

केले, पण भूगोल त्यांच्या विरुद्ध होता. जमैकात पळून गेलेले लोक डोंगरांत स्वतंत्र वस्त्या करून पिढ्यानपिढ्या लढले. बार्बाडोसमध्ये जंगल तोडून संपले होते, डोंगर ठेंगणे, आणि जिकडेतिकडे ऊस. लपायचे कुठे? तरीही सतराव्या शतकातच कट शिजले आणि १६७५ चा कट फुटल्यावर अनेकांना मारले गेले.

मोठा उठाव १४ एप्रिल १८१६ च्या रात्री झाला. ईस्टरचा रविवार होता. सेंट फिलिपमध्ये उसाचे फड पेटले आणि आग पॅरिशमागून पॅरिश पसरत गेली. नेत्याचे नाव ‘बसा’, तो बेलीच्या मळ्यावरचा, हाताखाली माणसे असलेला गुलाम. लिहितावाचता येणाऱ्या नॅनी ग्रिग या स्त्रीने वर्तमानपत्रांत वाचून सांगितले होते की स्वातंत्र्य यायचे आहे आणि मालक ते अडवून धरत आहेत. काही दिवसांत सैन्याने उठाव चिरडला, बसा लढताना पडला, शेकडो लोक मारले गेले. आज बसा राष्ट्रीय वीरांपैकी एक आहे. मोठ्या रस्त्यावरच्या वर्तुळात हातातल्या साखळ्या तोडलेल्या माणसाचा १९८५ मध्ये उभारलेला पुतळा आहे. तो मुळात मुक्तीचे प्रतीक म्हणून घडवला, लोक त्याला ‘बसा’च म्हणतात.

१७. गुलामगिरी १८३४ मध्ये संपली की १८३८ मध्ये? दोन्ही साले वाचायला मिळतात.

दोन्ही बरोबर. कायद्याने ती १ ऑगस्ट १८३४ रोजी संपली, पण सहा वर्षांखालच्या मुलांखेरीज बाकीच्यांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे बहुतेक वेळ बिनपगारी राबावे लागले. ती सक्ती १ ऑगस्ट १८३८ रोजी उठली. ब्रिटिश सरकारने सर्व वसाहतींत मिळून दोन कोटी पौंड भरपाई दिली, तीही मालकांना. राबलेल्यांना एक पैसा नाही.

जमीन सगळी मळ्यांचीच राहिली. मजूर मळ्याच्या जमिनीवर झोपडी बांधे आणि काम सोडले की जागा सोडावी लागे. त्यातून तिथली ‘चॅटल हाउस’ तयार झाली: दगडांच्या रचणीवर नुसती टेकवलेली लाकडी घरे, फळ्या उसकटून गाडीत घालायच्या आणि दुसरीकडे उभारायच्या. रंगीबेरंगी म्हणून पर्यटक त्यांचे फोटो काढतात. त्यांची ती जुळणी मात्र मालकाच्या धाकातून आली आहे.

१८. त्रिनिदादसारखे गिरमिटिये (करारावर नेलेले भारतीय मजूर) बार्बाडोसला का गेले नाहीत?

मळेवाल्यांना गरज पडली नाही. त्रिनिदाद आणि गयानात मोकळी जमीन भरपूर होती. मुक्त झालेले लोक मळे सोडून स्वतःची शेती करू लागले आणि मजूर कमी पडले. गयानात १८३८ पासून, त्रिनिदादला ३० मे १८४५ पासून भारतीय मजूर उतरू लागले. बार्बाडोसमध्ये सोडून जायला जागाच नव्हती (प्रश्न १७ पाहा), म्हणून जुनेच लोक तुटपुंज्या मजुरीवर राबत राहिले. नंतर तेच बाहेर पडले: पनामा कालवा खोदणाऱ्यांत बार्बाडोसचे हजारो मजूर होते.

आज तिथे दिसणारे भारतीय वंशाचे लोक मुख्यतः विसाव्या शतकात व्यापारासाठी आलेल्या गुजराती मुसलमान आणि सिंधी कुटुंबांतले. मॉरिशससारखी जुनी मराठी वस्ती इथे नाही.

१९. स्वातंत्र्य १९६६ मध्ये मिळाले, मग २०२१ मध्ये काय झाले?

३० नोव्हेंबर १९६६ रोजी एरॉल बॅरो यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला, पण राष्ट्रप्रमुख ब्रिटनची राणीच राहिली. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी ते पदही गेले. आधीच्या गव्हर्नर जनरल सँड्रा मेसन पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, पंतप्रधान मिया मॉटली. समारंभाला तेव्हाचे युवराज चार्ल्स हजर होते, आणि त्याच समारंभात गायिका रिहाना हिला राष्ट्रीय वीर घोषित केले. भारताने हे २६ जानेवारी १९५० ला केले, त्यांनी ५५ वर्षे घेतली. देश राष्ट्रकुलात अजून आहे. शेवटचे अपील मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे २००५ पासूनच जात नाही, ते कॅरिबियन न्यायालयाकडे जाते.

ब्रिजटाउनमध्ये १८१३ पासून उभा असलेला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा पुतळा १६ नोव्हेंबर २०२० रोजी उतरवला. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत तो अजून आहे. शोधत फिरू नका.

२०. इतिहासाच्या कोणत्या जागा पाहाव्यात?

ब्रिजटाउन आणि त्याची लष्करी छावणी २०११ पासून जागतिक वारसा आहे. छावणीच्या भागात जॉर्ज वॉशिंग्टन राहिला ते घर आहे. १७५१ मध्ये तो आजारी सावत्र भावाबरोबर आला होता आणि इथेच त्याला देवी आल्या. शहरातले निधे इस्राएल सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) १६५४ मध्ये स्थापन झाले, आजची इमारत नंतरची. उत्तरेला सेंट निकोलस ॲबे. नावात मठ असला तरी ते सतराव्या शतकातल्या मळेवाल्याचे घर आहे. एवढ्या जागा पाहायला वेळ नसेल तर घरे सोडा आणि क्राइस्ट चर्चमधली न्यूटनची दफनभूमी पाहा. शेकडो गुलाम तिथे पुरलेले आहेत. बघायला जवळजवळ काहीच नाही, एक गवताळ उतार. मळेवाल्यांची झुंबरे पाहून झाल्यावर तो पाहायलाच हवा.

ड्रॅक्स हॉल या मळ्याबद्दल बरेच जण विचारतात. ते प्रश्न १४ मधल्या ड्रॅक्सच्या वंशजांच्याच मालकीचे आहे. घरांसाठी त्यातली काही जमीन बाजारभावाने घेण्याचा सरकारचा विचार २०२४ मध्ये लोकांच्या संतापामुळे थांबवावा लागला.

२१. क्रिकेटप्रेमींनी काय पाहावे?

केन्सिंग्टन ओव्हल अर्थातच. आपल्या आठवणी तिथे गोड आणि कडू दोन्ही आहेत. १९६२ च्या दौऱ्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला आणि जीव वाचवायला रक्त लागले. वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल याने रक्त दिले, आपल्याकडून चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उमरीगर यांनी. पुढच्या कसोटीत २१ वर्षांचा पतौडी कर्णधार झाला. १९९७ मध्ये सचिनच्या संघाला जिंकायला १२० धावा हव्या होत्या, ८१ मध्ये सगळे बाद. आणि २०२४ चा सात धावांनी मिळालेला विजय सर्वांना पाठ आहे. केव्ह हिल इथल्या विद्यापीठाच्या आवारात थ्री डब्ल्यूज ओव्हल आहे. वॉरेल, वॉल्कॉट आणि वीक्स तिघांच्याही समाध्या तिथेच आहेत.

२२. व्हिसा, पैसे, शाकाहार?

भारतीय पासपोर्टवर अल्प मुदतीच्या पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. खरी मेख वाटेत आहे. भारतातून थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरोंटोवरून जावे लागते, आणि त्या त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. नियम बदलतात, तिकिटाआधी अधिकृत संकेतस्थळ पाहा.

दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर १९७५ पासून बांधलेला आहे. दुकानांत दोन्ही चालतात. किंमत कोणत्या डॉलरात सांगितली ते विचारा. वाहतूक डावीकडून. लष्करी छापाचे (कॅमोफ्लाज) कपडे नागरिकांना बंद आहेत, लहान मुलांचेसुद्धा.

शाकाहारींनी उपाशी राहण्याचे कारण नाही. मक्याचे पीठ आणि भेंडी घोटून केलेले ‘कूकू’ (माशाशिवाय मागा), मॅकरोनी पाय, भाजलेला नीरफणस, आणि त्रिनिदादहून आलेल्या बटाटा-चण्याच्या रोट्या मिळतात. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मात्र मासे खाणाऱ्यांचीच चंगळ.

२३. बार्बाडोसबरोबर त्रिनिदादही जोडले तर चालेल ना?

चालेल, पण परत येताना लक्षात ठेवा. पीतज्वराच्या (यलो फीवर) देशांच्या भारतीय यादीत बार्बाडोस नाही, त्रिनिदाद व टोबॅगो आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेऊ शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि लस ठराविक अधिकृत केंद्रांवरच मिळते, तीही वार ठरवून. त्रिनिदादला जायचे नक्की झाले की तिकिटाआधी लशीची तारीख घ्या.